डिड्सबरीतल्या बाईंचा मुखवटा

मे महिना उजाडला की मँचेस्टरला लागून असलेल्या सॅलफर्डला आमच्या एडिटिंगच्या मजल्यावर चहाच्या वेळी एकच विषय चालतो, यंदा बाफ्टा, म्हणजे ब्रिटनच्या सिनेमा-टीव्ही अकादमीचा पुरस्कार, कुणाला. सिनेमाचं बाफ्टा फेब्रुवारीतच उरकलेलं असतं. ही चर्चा टीव्हीच्या बाफ्टाची. लंडनला थेम्सच्या दक्षिण काठावर रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये एका रविवारी हा सोहळा होतो आणि संध्याकाळी बीबीसी वनवर देशभर दिसतो. घरी इचलकरंजीला किंवा पुण्यातल्या मित्रमंडळींशी बोलताना मी बाफ्टा म्हटलं की त्यांच्यापुढे ऑस्करच्या आधी येणारा सिनेमाचा पुरस्कार उभा राहतो. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते. ह्या पुरस्काराचा तो प्रसिद्ध मुखवटा जन्माला आला तोच मुळी टीव्हीसाठी, आणि तो घडवणाऱ्या बाई आमच्या मँचेस्टरात राहत होत्या.

त्यांचं नाव मिट्झी कनलिफ. जन्म १९१८ चा, न्यूयॉर्कचा. लग्न झालं एका इंग्रज प्राध्यापकांशी, त्यांची नोकरी मँचेस्टर विद्यापीठात, म्हणून संसार मांडला डिड्सबरीत. डिड्सबरी म्हणजे शहराच्या दक्षिणेचा झाडाझुडपांचा, लाल विटांच्या घरांचा भाग. १९५१ साली युद्धातून सावरणाऱ्या ब्रिटनने ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’ हे मोठं प्रदर्शन भरवलं. लंडनच्या साउथ बँकेवर त्यात मिट्झीबाईंचं शिल्प उभं होतं. रॉयल फेस्टिव्हल हॉल बांधला गेला तो ह्याच प्रदर्शनासाठी. म्हणजे आज ज्या सभागृहात त्यांचा मुखवटा हातात घेऊन लोक रडतात, त्याच्या अंगणात त्यांचं काम आधीच येऊन गेलेलं आहे.

टीव्हीच्या निर्माते-दिग्दर्शकांची तेव्हा एक गिल्ड, म्हणजे संघटना, होती. तिने १९५४ मध्ये पुरस्कार द्यायला सुरुवात केली आणि १९५५ मध्ये मिट्झीबाईंकडून मुखवटा करून घेतला. सिनेमावाल्यांची अकादमी वेगळी, १९४७ ची, डेव्हिड लीन तिचे पहिले अध्यक्ष. १९५८ मध्ये ह्या दोन संस्था एकत्र आल्या आणि १९७६ मध्ये बाफ्टा हे नाव रूढ झालं. टीव्हीवाल्यांचा मुखवटा सिनेमालाही मिळाला तो असा. टीव्ही हे सिनेमाचं धाकटं भावंड, त्याचं सगळं उसनं, असं मानणाऱ्या प्रत्येकाला मला ही हकीकत सांगावीशी वाटते.

आमच्या सिनियर एडिटरच्या खोलीत, हार्ड ड्राइव्हच्या कपाटावर, असा एक मुखवटा ठेवलेला आहे. मी नवीन असताना तिने तो उचलून माझ्या हातात दिला. चांगला जड, साडेतीन किलोच्या वर. ब्राँझचा चेहरा, खाली संगमरवराचा चौथरा. समोरून तो ग्रीक नाटकातल्या मुखवट्यासारखा दिसतो, तो चेहरा फोटोंतून सगळ्यांच्या ओळखीचा आहे. तिने मला तो उलटा करून दाखवला. पाठीमागून तो पोकळ आहे, आणि आत एका डोळ्याभोवती इलेक्ट्रॉनिक्सचं चिन्ह, दुसऱ्या डोळ्याभोवती पडद्याचं चिन्ह कोरलेलं आहे. पुढे नट, मागे यंत्र. टीव्हीवर ही मागची बाजू कधी दिसत नाही. मला मात्र ती पुढच्या बाजूइतकीच आवडते, कारण माझं सगळं काम त्याच बाजूचं आहे. दिवसभर रशेस, म्हणजे शूट झालेलं कच्चं चित्रण, नोंदवून लावायच्या, आवाज आणि चित्र जुळवायचं, एडिटरला हवा तो टेक क्षणात सापडेल अशी टाइमलाइन मांडून द्यायची.

मिट्झीबाईंचं आणखी एक काम मी मुद्दाम लीड्सला जाऊन पाहिलं. विद्यापीठात जिथे वस्त्रोद्योग शिकवला जायचा त्या इमारतीच्या भिंतीवर, उंचावर, दगडात कोरलेले दोन प्रचंड हात आहेत आणि त्या हातांत सूत. १९५६ चं काम. मी इचलकरंजीची. आमच्या गावाला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात आणि आमच्या गल्लीत मागांचा खडखडाट थांबला की लोकांना जाग यायची. ते हात बघत मी बराच वेळ खाली उभी राहिले. हाताने काम करणाऱ्यांबद्दल इतका आदर असलेल्या बाईने टीव्हीचं बक्षीस घडवलं, ह्याचा मला फार आनंद आहे.

आता हे बक्षीस मिळतं कसं ते. वाहिन्या आणि निर्मिती संस्था आपापले कार्यक्रम पाठवतात. आधीच्या फेरीत अकादमीचे सदस्य मतं देतात. पुढे प्रत्येक विभागासाठी वेगळी ज्युरी बसते. ज्युरीत धंद्यातलीच माणसं असतात, पण ज्याचा नामांकित कार्यक्रमाशी संबंध आहे त्याला तिथे बसता येत नाही. ती माणसं सगळं बघून येतात, बोलतात, वाद घालतात, मग मत देतात. खोलीतली चर्चा बाहेर जात नाही. प्रेक्षकांच्या मतांवर ठरतं ते फक्त एक बक्षीस, वर्षातल्या लक्षात राहिलेल्या क्षणाचं. विभाग तरी किती! मोठ्या ड्रामा मालिका आहेतच, पण बातम्यांचं वार्तांकन, चालू घडामोडी, माहितीपट, खेळांचं प्रक्षेपण, दुपारी लागणारे कार्यक्रम, आणि वर्षानुवर्षं चालणाऱ्या सोप मालिका, सगळ्यांना तोच मुखवटा. १९६० च्या डिसेंबरपासून मँचेस्टरात तयार होणारी ‘कोरोनेशन स्ट्रीट’ आणि कोट्यवधी पौंडांची ऐतिहासिक मालिका ह्यांच्या कपाटात एकाच वजनाची वस्तू जाऊन बसू शकते.

हे मला इतकं महत्त्वाचं का वाटतं, तर पुण्यात माझ्याबरोबर एडिटिंग शिकलेली मैत्रीण आज मुंबईत रोजच्या मालिका कापते. आधी करून ठेवलेल्या एपिसोडची बँक संपली की संध्याकाळी शूट झालेला सीन रात्री कापायचा, पहाटे मिक्सिंगला द्यायचा आणि त्याच दिवशी तो लागायचा, असं तिचं आयुष्य आहे. मी तिला बाफ्टाच्या ज्युरीबद्दल सांगत होते तर ती म्हणाली, “अगं, आमच्याकडे प्रत्येक वाहिनीचा स्वतःचा सोहळा. वाहिनीच्याच मालिका, वाहिनीचंच स्टेज. दुसऱ्या वाहिनीवरच्या एडिटरने माझं काम बघून त्यावर अर्धा तास भांडावं असं कधी झालंय का?” ती थकून म्हणाली, पण मुद्दा खरा आहे. त्या सोहळ्यांत नाच असतात, जोड्यांना बक्षिसं असतात, घराघरात ते आवडीने बघितले जातात, आणि कलाकारांचं कौतुक होतं त्याचा मलाही आनंद होतो. तरी मराठीत सगळ्या वाहिन्यांना एका टेबलावर आणणारी, वाहिन्यांपासून स्वतंत्र अशी, एडिटर आणि ध्वनिमुद्रक आणि लेखक ज्युरीत बसवणारी संस्था उभी राहायला हवी. इतकं काम, इतक्या रात्री, आणि ते काम जाणणाऱ्या माणसांनी ते नीट पाहिल्याची कुठेही नोंद नाही, हे मला सलतं.

टीव्हीच्या मोठ्या सोहळ्याआधी एप्रिलच्या शेवटाला क्राफ्टचे पुरस्कार होतात. २००० पासून ते वेगळे झाले. एडिटिंग, ध्वनी, छायाचित्रण, वेशभूषा, मेकअप, कास्टिंग, लेखन, दिग्दर्शन, सगळं तिथे. त्या रात्रीला लाल गालिच्याचा तेवढा गाजावाजा नाही, आणि आमचा मजला खरा जागा असतो तो त्या रात्री. २०१८ मध्ये ‘थ्री गर्ल्स’ला एडिटिंगचं बक्षीस मिळालं, ऊना नी घोनैल्या ह्या आयरिश एडिटर बाईंना. ही तीन भागांची बीबीसीची मालिका इथून जवळच्या रॉचडेलमध्ये खरोखर घडलेल्या प्रकरणावर आहे. शोषण झालेल्या कोवळ्या मुली पुन्हा पुन्हा सांगत होत्या आणि पोलीस, सरकारी खाती त्यांच्यावर विश्वास ठेवत नव्हती. अशा विषयात एडिटरच्या हातात फार मोठी जबाबदारी असते. एक फ्रेम जास्त ठेवली तर ते बघणं म्हणजे त्या मुलीवर पुन्हा अन्याय, एक फ्रेम कमी केली तर घडलेलं सौम्य होऊन जातं. मोठ्या सोहळ्यात त्या वर्षी मिनी-सिरीजचा मुखवटाही ‘थ्री गर्ल्स’ला मिळाला आणि मॉली विंडसरला मुख्य अभिनेत्रीचा.

पण एडिटिंगबद्दल बोलायचं तर मला ‘हॅपी व्हॅली’च्या शेवटाबद्दल बोलायचंय.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: ही वेस्ट यॉर्कशरच्या काल्डर खोऱ्यातली गोष्ट. कॅथरीन केवूड पोलीस सार्जंट. तिच्या मुलीच्या वाट्याला जे आलं आणि त्यानंतर ती मुलगी ज्या रीतीने गेली, त्याला जबाबदार टॉमी ली रॉइस. त्या मुलीचा मुलगा रायन, म्हणजे कॅथरीनचा नातू, आणि टॉमी त्याचा बाप. लेखिका सॅली वेनराइट ह्याच खोऱ्यात वाढलेल्या, आधी ‘कोरोनेशन स्ट्रीट’साठी लिहायच्या. पहिला सीझन २०१४, दुसरा २०१६, आणि तिसरा, शेवटचा, थेट २०२३ मध्ये. नातू मोठा होईपर्यंत वेनराइटबाई थांबल्या.

शेवटच्या भागात ज्याची वाट सगळा देश बघत होता ती भेट होते कुठे, तर कॅथरीनच्या स्वयंपाकघरात. टॉमी जखमी होऊन तिच्या घरात शिरलेला आहे. ती येते तेव्हा तो टेबलाशी बसलाय. रायनच्या लहानपणीच्या फोटोंचे अल्बम त्याने बघितलेत. दोन माणसं, एक टेबल, आणि बोलणं. पाठलाग नाही, गोळीबार नाही. तो तिला सांगतो की मुलाला तू चांगलं आयुष्य दिलंस. आणि तिला माफ करतो, तो तिला! कॅथरीन साकारणाऱ्या सारा लँकेशरच्या चेहऱ्यावर त्या वाक्याला जे होतं ते मी टाइमलाइनवर असल्यासारखं मागेपुढे करून पाहिलंय. तो बोलत असताना आपण तिच्याकडे बघत असतो, ती बोलत असताना त्याच्याकडे. ऐकणाऱ्यावर किती वेळ थांबायचं हा निर्णय तिथे इतका अचूक आहे की कट जाणवतच नाहीत. तिचा राग, तिची किळस, आणि त्या अल्बमांमुळे टॉमीत झालेला बदल तिच्या ध्यानात येणं, हे सगळं शब्दांच्या मधल्या जागेत घडतं. मग तो अंगावर पेट्रोल ओतून घेऊन पेटवून घेतो, आणि हा भाग तसा झटकन येऊन जातो.

२०२४ च्या सोहळ्यात प्रेक्षकांनी लक्षात राहिलेला क्षण म्हणून हाच निवडला, आणि सारा लँकेशरला मुख्य अभिनेत्रीचा मुखवटा मिळाला. ह्याच भूमिकेसाठी २०१७ मध्येही मिळाला होता. ती ओल्डहॅमची, इथून ट्रॅमने जाता येतं एवढ्या अंतरावरची. ड्रामा सिरीजचं बक्षीस त्या वर्षी ‘टॉप बॉय’ला गेलं. आमच्या मजल्यावर काहीजण त्यावर नाराज होते, मला तो निर्णय पटला. पूर्व लंडनच्या वस्तीतल्या पोरांची ती गोष्ट, आणि जॅस्मिन जॉब्सनने त्यात जे काम केलंय त्याला साहाय्यक अभिनेत्रीचं बक्षीस मिळालं ते योग्यच झालं.

आपल्या लोकांबद्दलही लिहायला हवं. १९८५ मध्ये मँचेस्टरच्या ग्रॅनडा टेलिव्हिजनच्या ‘द ज्युएल इन द क्राउन’ने बाफ्टा गाजवलं होतं. भारतातल्या ब्रिटिश राजवटीच्या अखेरच्या वर्षांची ती मालिका, बरंचसं चित्रण उदयपूर, म्हैसूर, सिमल्यात. झोहरा सेहगल, सईद जाफरी, आर्ट मलिक त्यात होते. तरी अभिनयाची बक्षिसं मिळाली ती पेगी अ‍ॅशक्रॉफ्ट आणि टिम पिगॉट-स्मिथ ह्या ब्रिटिश कलाकारांना. २०२३ मध्ये बाफ्टाचा सर्वोच्च मान, फेलोशिप, अभिनेत्री-लेखिका मीरा स्यालना मिळाला. आईवडील पंजाबी, भारतातून आलेले, त्या वाढल्या वुल्व्हरहॅम्प्टनजवळच्या खाणकामगारांच्या गावात, आणि शिकल्या मँचेस्टर विद्यापीठात. १९९८ मध्ये बीबीसी टूवर त्यांची विनोदी मालिका ‘गुडनेस ग्रेशस मी’ आली तेव्हा इथल्या भारतीयांनी पहिल्यांदा स्वतःच्या घरातलं बोलणं टीव्हीवर ऐकलं, असं इथली जुनी मंडळी सांगतात. फेलोशिपच्या यादीत १९७१ मध्ये पहिलं नाव आल्फ्रेड हिचकॉक ह्यांचं. त्या यादीत आता मीराताई आहेत.

आणि ‘मिस्टर बेट्स व्हर्सेस द पोस्ट ऑफिस’. २०२४ च्या जानेवारीत १ ते ४ तारखेला, सलग चार रात्री, आयटीव्हीवर ही मालिका लागली. विषय बघितला तर टीव्हीवर कोण बघेल असं वाटावं: पोस्टाचं हिशेबाचं सॉफ्टवेअर. फुजित्सु कंपनीच्या ‘होरायझन’ प्रणालीत दोष होते, त्यामुळे गावोगावच्या सबपोस्टमास्तरांच्या हिशेबात पैसे कमी दिसत. पोस्टाने दोष यंत्राचा न मानता माणसांना चोर ठरवलं. १९९९ ते २०१५ मध्ये नऊशेहून जास्त लोकांना शिक्षा झाल्या. कुणी तुरुंगात गेलं, कुणाचं घर गेलं, काहींनी जीव दिला. सरे परगण्यातल्या एका गरोदर बाईला २०१० मध्ये तुरुंगात टाकलं. ह्यात आपले दक्षिण आशियाई लोक कितीतरी होते, कारण इथली पोस्टं बऱ्याचदा कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात असतात आणि ती दुकानं गुजराती-पंजाबी कुटुंबं चालवतात. माझ्या घराजवळचं पोस्टही असंच आहे. पुढे दूध, ब्रेड, कोथिंबीर, मागच्या भिंतीशी काचेआड काउंटर. मालिका लागली त्या आठवड्यात मी पार्सल द्यायला गेले तर दुकानातले काका रांगेतल्या प्रत्येकाशी त्याबद्दल बोलत होते, आणि लोक पार्सल हातात धरून ऐकत होते. “बेटा, आता कमीत कमी लोक विचारतात तरी,” असं ते मला म्हणाले.

हे प्रकरण वर्तमानपत्रांनी आणि नियतकालिकांनी वर्षानुवर्षं लावून धरलं होतं, लढ्याचे पुढारी, स्वतः माजी सबपोस्टमास्तर अ‍ॅलन बेट्स आणि त्यांचे साथीदार कोर्टात २०१९ मध्ये जिंकलेही होते. तरी चार रात्रींच्या मालिकेने जे झालं ते त्याआधी झालं नव्हतं. २०२४ च्याच मे महिन्यात संसदेने कायदा करून त्या शिक्षा रद्द केल्या. पोस्टाच्या माजी प्रमुख पॉला व्हेनेल्स ह्यांनी सीबीई किताब परत करते म्हणून सांगितलं. अ‍ॅलन बेट्स आता सर अ‍ॅलन आहेत. २०२५ च्या मे मध्ये लिमिटेड ड्रामाचं बाफ्टा ह्या मालिकेला मिळालं. ग्वेनेथ ह्यूज ह्यांनी ती लिहिली, टोबी जोन्सने बेट्स साकारला. सबपोस्टमास्तरांच्या भरपाईचं घोंगडं तेव्हाही भिजत पडलं होतं.

ह्या मालिकेत आयटीव्हीला तोटा झाला हे त्यांच्याच बड्या अधिकाऱ्यांनी सांगितलं. परदेशात विकायला हा विषय अवघड, इंग्लंडातल्या खेड्यातलं पोस्ट दुसऱ्या देशात कोण विकत घेणार? म्हणजे जी मालिका इथल्या माणसांना सगळ्यात जास्त हवी होती, तीच बाजाराच्या हिशेबात बसत नव्हती. बाफ्टाच्या रात्री मी टीव्हीसमोर बसते ती ह्या कारणासाठी. कुणाचा पोशाख कसा होता ते दुसऱ्या दिवशी फोटोत दिसतंच.

त्या स्टेजवरचं मला कायम आठवणारं भाषण २०१६ चं, दिग्दर्शक पीटर कोस्मिन्स्की ह्यांचं. ‘वुल्फ हॉल’साठी ड्रामा सिरीजचं बक्षीस घ्यायला ते आले आणि सरकार बीबीसीचं जे करू पाहत होतं त्याविरुद्ध बोलले. बीबीसी सरकारची नाही, बघणाऱ्यांची आहे, असा त्यांचा रोख होता. सगळं सभागृह उभं राहिलं, आणि हे प्रक्षेपित झालं बीबीसीवरच. आपल्या दूरदर्शनच्या स्टेजवर एखाद्या दिग्दर्शकाने असं बोलावं आणि ते तसंच घराघरात दिसावं, हे मी पुण्यात शिकत असताना कल्पनेतही आणू शकत नव्हते.

बीबीसीची सध्याची सनद २०२७ च्या ३१ डिसेंबरला संपते. पुढे पैसा कुठून यायचा, लायसन्स फी, म्हणजे टीव्ही बघण्यासाठी घरटी भरायची वार्षिक रक्कम, ठेवायची की जाहिराती घ्यायच्या की वर्गणी लावायची, ह्यावर इथे जोरात वाद चालू आहे. २०२५ च्या एप्रिलात फी वर्षाला १७४.५० पौंड झाली, आणि आमच्या मराठी मंडळातले बरेच जण मला विचारतात की आपण सगळे तर झी आणि नेटफ्लिक्स बघतो, ही फी कशाला भरायची. मी भरते, आणि त्यांनाही भरा म्हणून सांगते. वर्गणीवर चालणारी वाहिनी रॉचडेलच्या मुलींसाठी तीन तास आणि एवढे पैसे खर्च करेल असं मला वाटत नाही. ज्यांना माझं म्हणणं पटत नाही त्यांना मी एकच गळ घालते: आधी ‘थ्री गर्ल्स’ बघा, सलग तिन्ही भाग, आणि मग येऊन माझ्याशी भांडा.